नवसागराची वडी

चीफ खवणेकरांनी वडी जिभेला लावली, तोंड किंचित आवळलं, कठड्यावरून समुद्रात थुंकले आणि म्हणाले, "ठीक."

मी हातात पाना घेऊन त्यांच्या शेजारी उभा होतो. पुढ्यात रुळांवर सुरुंग. सुरुंग म्हटलं की लोकांना खडक फोडतात तो आठवतो. हा समुद्रातला. काळा, गोल, छातीएवढ्या उंचीचा लोखंडी भोपळा, आणि त्याला चारी अंगांनी शिशाची शिंगं फुटलेली. जहाजाच्या मागच्या बाजूनं तो पाण्यात ढकलायचा. त्याच्या बुडाचं वजन तळाला जाऊन बसतं, आणि तारेला बांधलेला भोपळा पाण्याखाली हातभर खोल उभा राहतो. येणाऱ्याजाणाऱ्याचा शिंगाला धक्का लागला की आटोपलं.

पण हा राक्षस पेरणाऱ्याच्याच बुडाखाली फुटला तर? म्हणून त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या वाटेत नवसागराची एक वडी. सुरुंग पाण्यात पडला की वडी विरघळायला लागते. ती संपली की स्प्रिंग सुटते आणि सुरुंग जागा होतो. तोवर जहाज लांब गेलेलं असतं. एवढ्या मोठ्या राक्षसाची झोप त्या चिमूटभर वडीवर.

आमच्या 'वाघोटण'वर एक रीत होती. वडी बसवण्याआधी सुरुंगावरच्या सगळ्यात जुन्या माणसानं ती चाखून बघायची. लढाईच्या काळात कुठल्याशा कंत्राटदारानं वड्यांऐवजी खडू पाठवला होता म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. नवसागर जिभेवर खारट आणि गार लागतो, एकदा चाखला की माणूस विसरत नाही. चीफनी तो आयुष्यभर चाखला होता. त्यांनी "ठीक" म्हटल्यावर कुणाच्या बापाची विचारायची टाप नव्हती. त्यांनी वडी आपल्या हातानं बसवली, मी झाकण आवळलं.

चीफ खवणेकर म्हणजे माझ्या बायकोचे मामा. सुमतीचं स्थळ त्यांनीच आणलं. त्याआधी मला गावातून उचलून नौदलात त्यांनीच आणलं होतं. नाहीतर मी आमच्या खाडीत जाळी ओढत बसलो असतो. घरी मी त्यांना मामा म्हणायचो, जहाजावर चीफ. सुरुंगाचं जे काही मला येत होतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. सुमतीचा धाकटा भाऊ वासू, म्हणजे मामांचा सख्खा भाचा, तोही याच जहाजावर खलाशी होता. बोट वल्हवताना पुढचं वल्हं नेहमी त्याचं. त्यालाही मामांनीच चिकटवला होता. आमचं अर्धं घर त्या बाईच्या पदराखाली होतं.

बाई म्हणजे जहाज. लढाईत तिनं किनाऱ्याच्या तोंडाशी शेकड्यानं सुरुंग पेरले, लढाई संपल्यावर ते वेचले. मग दिवस फिरले. तिचे रुळ तसेच राहिले, पण त्यांच्यामध्ये बाकं आली, फळा आला, आणि सुरुंग पेरणारी बाई शाळामास्तरीण झाली. नवी पोरं यायची, रुळांना ठेचकाळायची, शिव्या द्यायची आणि फळ्यावरचा सुरुंग वहीत उतरवून निघून जायची. मधली कित्येक वर्षं आम्ही खरा सुरुंग पाण्यात टाकलाच नव्हता. पोटात वाळू भरलेले डमी टाकायचे आणि परत उचलायचे. मला त्याची लाज वाटायची. मामांना वाटत नसावी.

त्या वर्षी कमांडर आठल्ये नवे कप्तान म्हणून आले. पुण्याचे, हुशार आणि उतावळे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की वार्षिक प्रात्यक्षिकात या वेळी खरा सुरुंग फुटेल. दिल्लीहून पाहुणे येणार, पोरं बघणार आणि नंतर जहाजावरच बडा खाना. मला तर आनंद झाला. म्हटलं, बाई एकदा तरी आपल्या खऱ्या धंद्याला लागू दे.

तर तो दिवस उजाडला. पाहुणे वरच्या डेकवर कनातीखाली खुर्च्यांवर बसले. पोरं रांगेत. आम्ही सुरुंग रुळांवरून ढकलला, तो धबकन पाण्यात गेला, जहाज दूर जाऊन उभं राहिलं. सगळं कसं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. वडी विरघळायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ आम्ही थांबलो. मग ठरल्याप्रमाणे टग म्हणतात त्या ओढबोटीनं लांब दोराला बांधलेला लाकडी तराफा सुरुंगावरून ओढत नेला.

काही झालं नाही.

टग वळली आणि तराफा परत उलट्या बाजूनं आणला. शिंगाला धडकताना तराफा अडखळलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. पण समुद्र ढिम्म. कनातीखालून कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली.

आठल्येसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "सुरुंग फुसका आहे. बोट सोडा. पाणबुड्यानं जाऊन त्याला स्फोटकाचं गाठोडं बांधावं, लांबून उडवून टाकू." यात चूक काही नव्हती. फुसक्या सुरुंगाचं असंच करतात. वाट बघायची तेवढी बघून झाली होती.

वल्ह्यांची बोट खाली उतरली. सात माणसं. पाणबुड्या शिर्के, सुकाणूला डिमेलो, आणि पाच वल्ही. मी वरून त्यांना जाताना पाहिलं. मग मला खाली स्वयंपाकघरात पाठवलं. पाहुण्यांच्या चहाला का उशीर होतोय, ते बघून ये म्हणे. प्रात्यक्षिक फसलं की चहा लवकर लागतो.

स्वयंपाकघरात हसन सोलकर घामाघूम झालेला. रत्नागिरीचा आमचा जुना भंडारी, म्हणजे जहाजावरचा आचारी, बडबड्या पण हाताला चव. भिंतीला टेकून तांब्याच्या मोठ्या देगा ओळीनं उभ्या होत्या, आणि त्यांची आतली कल्हई अशी झगमगत होती की त्यात तोंड दिसावं.

"बघ बघ," हसन म्हणाला. "आठ वर्षांत अशी कल्हई नाय झाली. परवा धक्क्यावर कल्हईवाला आणला, तर त्याचा नवसागर अर्ध्यातच संपला. मी म्हटलं, आता झाला बडा खाना! बिर्याणी हिरवी पडणार आणि पाहुणे हगणार. तर तुमचे चीफसाहेब देवासारखे धावून आले. म्हणाले, थांब हसन, माझ्याकडं आहे. डबाभर आणून दिला."

माझ्या हातात चहाची किटली होती.

"कसला डबा?"

"मला काय ठाऊक? पांढऱ्या पांढऱ्या वड्या. कल्हईवाला खूश. म्हणाला असा माल बाजारात मिळत नाय." हसन हसला. "पण माणूस खट्याळ बरं का. जाताना त्या न्हाव्याच्या पेटीतली तुरटी उचलून घेऊन गेले, अख्खा खडा. कानस मागितली माझ्याकडं. मी म्हटलं, चीफसाहेब, आता काय तुरटीनं भांडी घासणार? तर म्हणाले, डबा रिकामा दिसला तर बोंब होईल. काय समजायचं?"

मला समजलं. किटली तिथंच आदळून मी पळालो.

समजलं ते असं, की डबा रिकामा दिसू नये म्हणून मामांनी तुरटीच्या वड्या कानशीनं घासून डब्यात भरल्या. दिसायला तशाच. त्यांना वाटलं असेल, हुकूम निघाला तरी या म्हाताऱ्या जहाजावरून खरा सुरुंग कोण टाकतंय? मग खराच सुरुंग जहाजावर चढला. तेव्हाही ते तोंड उघडू शकले असते. त्या दिवशी सकाळीही. तुरटी जिभेवर ठेवली की तोंड आवळतं. मी त्यांचं तोंड आवळलेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तुरटी चाखली, ओळखली आणि "ठीक" म्हणाले.

आणि तुरटीही पाण्यात विरघळते. नवसागरापेक्षा खूप सावकाश, पण विरघळते. म्हणजे सुरुंग फुसका नव्हता. तो फक्त उशिरा जागा होणार होता. सकाळपासून तो जागा होत होता, आणि त्याच्याकडे सात माणसं चालली होती.

मामा मागच्या डेकवर रुळांपाशी एकटेच उभे होते. दोन्ही हात कठड्यावर. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

"मामांनू, सुरुंगात तुरटी घातल्यात?"

"हळू बोल."

"घातल्यात की नाय?"

"घातलंय. मगे? तुरटी काय धोंडो आसा? ती पण विरघळतली."

"तोच तर घोळ आसा! सकाळी विरघळाक नाय, म्हणान तराफो आपटून काय झाला नाय. आता विरघळली तर? बोट थंय चलली हा!"

"शिर्को शहाणो आसा. तो लांबून गाठोडा बांधतलो."

"लांबून?" माझा आवाज चढला. "सुरुंगाक मिठी मारल्याबिगर गाठोडा बांधूक येता? तुमीच माका शिकवल्यात ना?"

ते हलक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या म्हयन्यात घराक जातंय मी, जगू. अख्ख्या नोकरीत एक डाग नाय. आता तोंड उघडलंय, तर पेन्शन गेली, नाव गेला. गावात काय तोंड दाखवू?"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माणूस तोंड दाखवायचं बोलत होता, आणि तिकडे सात तोंडं वल्ही मारत होती.

"चला वर. साहेबांक सांगा."

"नाय."

"मगे मी सांगतंय."

"सांग जा," मामा म्हणाले. "तुझा ऐकता कोण?"

कप्तान उभा राहून जहाज चालवतो त्या ब्रिजवर मी कसा चढलो ते मला आठवत नाही. आठल्येसाहेब दुर्बीण लावून उभे होते, पाठीमागे दोन पाहुणे. मी सलामसुद्धा केला नाही.

"साहेब, बोट परत बोलवा. सुरुंग फुसका नाही. आत नवसागराची वडी नाही, तुरटी आहे. ती आता विरघळत आली असेल. हात लागला की फुटेल."

साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. "तुरटी?"

"होय साहेब."

"जुवाटकर, आपण सुरुंग टाकला की त्याची दाढी केली?"

पाठीमागचे पाहुणे हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं. एवढं छान इस्त्री केलेलं हसू मी नंतर कधी ऐकलं नाही.

"साहेब, हसण्यावारी नेऊ नका. चीफना विचारा. वडी त्यांनी बसवली."

विचारायला कुणाला पाठवावं लागलं नाही. मामा माझ्या मागोमाग जिना चढून आले होते. टोपी नीट, छातीवर पदकांच्या फिती, दाढी गुळगुळीत. त्यांच्याकडे बघून कुणीही विश्वास ठेवला असता. मी सुद्धा ठेवत आलो होतो.

"काय हो चीफ, हा काय म्हणतोय?" साहेब म्हणाले. "वडी कुणी बसवली?"

"मी, साहेब."

"चाखलीत?"

"चाखली, साहेब."

"मग?"

"नवसागरच होता."

डोळ्याची पापणी लवली नाही. एक शब्द अडखळला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. या माणसाच्या पाया पडून मी लग्नाच्या बोहल्यावर चढलो होतो.

"ऐकलंत?" साहेब मला म्हणाले. "तुमच्या जन्माआधीपासून ते सुरुंग चाखताहेत. जा खाली."

मी खाली गेलो नाही. भोंग्याची दोरी साहेबांच्या डोक्यावर लोंबत होती, मी तिच्यावर झडप घातली. दोन बोटं लागली असतील नसतील, तेवढ्यात सुकाणूवरच्या गड्यानं मला मागून कवेत आवळलं. दुसऱ्या एकानं माझा हात पिरगाळला. साहेब संतापानं लालबुंद झाले होते. पाहुण्यांसमोर त्यांच्या ब्रिजवर असला तमाशा!

"याला खाली न्या! उद्या माझ्यासमोर उभा करा याला!"

दोघांनी मला ओढत जिन्याकडे नेलं. जिन्याच्या तोंडाशी मामा उभे होते. बाजूला व्हायला त्यांना जागा नव्हती. माझं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर. मी ओरडलो नाही. ओरडायचं बळच उरलं नव्हतं.

"मामांनू, बोटीत शिर्को आसा," मी म्हणालो.

ते समुद्राकडे बघत होते.

"डिमेलो आसा. घाणेकार आसा, तेच्या लग्नाक तुमी आहेर घेवन गेल्लात. बलबीर आसा. कुट्टप्पन आसा, गेल्या साली पोरगो झालो तेका. इब्राहीम आसा, तुमी तेका पाण्यात पवाक शिकवल्यात."

काही नाही. जबडा आवळलेला, नजर पाण्यावर. नावं त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखी गेली. मला धरणाऱ्यांनी मला एक पायरी खाली ढकललं.

"आणि पुढच्या वल्ह्यार वासू आसा," मी म्हणालो.

मामांनी मान वळवली.

"खंयचो वासू?"

"आपलो वासू. तुमच्या भयणीचो."

त्यांच्या तोंडावरचं रक्त गेलं. आजवर मी बरीच माणसं घाबरताना पाहिली आहेत, पण असा चेहरा बदललेला पुन्हा पाहिला नाही. ते वळले आणि साहेबांच्या हातातली दुर्बीण त्यांनी हिसकावून घेतली. हिसकावून. पण बोट लांब गेली होती, समोरून ऊन पाण्यावर आपटत होतं, आणि सुकाणूला डिमेलो उभा. त्याच्या आडून पुढच्या वल्ह्यावरचा माणूस म्हणजे नुसती एक पांढरी टोपी. तिथं नेहमी वासूच असायचा, हे मामांना ठाऊक होतं.

दुर्बीण खाली पडली. मामांनी भोंग्याची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वजन टाकून तिला लोंबकळले. जहाजाचा भोंगा बोंबलायला लागला. त्या आवाजाच्याही वर मामा ओरडत होते, आणि जन्मभर साहेबलोकांशी मोजून मापून बोललेला तो माणूस चक्क मालवणीत ओरडत होता.

"तुरटी आसा! तुरटी आसा, सायबानू! माजी चूक झाली! बोट फिरवा! बोट फिरवा!"

आठल्येसाहेब क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी स्वतः परत बोलावण्याचा बावटा चढवायला सांगितला.

बोटीत डिमेलो मागं वळून बघताना दिसला. नंतर शिर्केनं मला सांगितलं की तो तेव्हा एक पाय बोटीच्या कडेबाहेर टाकून बसला होता, उडी मारायच्या बेतात. खाली पाण्यात त्याला सुरुंगाचं काळं टक्कल दिसत होतं. भोंगा ऐकून त्यानं वैतागून शिवी घातली आणि पाय आत घेतला. बोट फिरली.

बोट जहाजाच्या आसऱ्याला आली. मग साहेबांनी टगला हुकूम दिला, तराफा आणखी एकदा ओढा. त्यांना बहुतेक बघायचं होतं की कोण खोटं बोलतंय.

तराफा सुरुंगापाशी पोचला आणि समुद्र उभा राहिला. पांढऱ्या पाण्याचा एवढा मोठा खांब आमच्या डोलकाठीच्या वर गेला, जहाज खालपासून हादरलं, स्वयंपाकघरात ताटांची फळी कोसळली. तराफ्याची ढलपीसुद्धा राहिली नाही. पाणी खाली बसलं तेव्हा मेलेली मासळी पोटं वर करून तरंगायला लागली.

आणि कनातीखाली पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. त्यांना वाटलं, हे सगळं असंच ठरलेलं होतं. भोंगा, बोट, आरडाओरडा आणि मग धमाका. एका बाईंनी विचारलं, परत एकदा होईल का? मी ब्रिजच्या जिन्यावर बसलो होतो. कुणाला फाडून खावं ते मला सुचत नव्हतं.

मामांना पहाऱ्यात घेऊन मागच्या डेकवर उभं केलं होतं, किनाऱ्याला लागल्यावर उतरवून न्यायला. टोपी काढून घेतली होती. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते. मला जावंसं वाटत नव्हतं, तरी मी गेलो. स्फोटाच्या पाण्यानं भिजलेली बोटीतली माणसं दोरीच्या शिडीवरून वर येत होती, आणि मामा कठड्यावरून वाकून एकेकाचं तोंड बघत होते. शिर्के आला. घाणेकर आला. इब्राहीम, बलबीर, कुट्टप्पन. मग एक काळासावळा, शिडशिडीत पोरगा वर आला. मुरुगन. नवाच होता, दोन महिन्यांपूर्वी आलेला. शेवटी डिमेलो.

बातमी बोटीपर्यंत पोचलीच होती, पण अर्धी. भोंगा चीफनी वाजवला, एवढंच त्यांना कळलं होतं. मुरुगन सरळ मामांकडे आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आपने बचाया, चीफसाब," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "आपने भोंपू बजाया। मेरी माँ आपको दुआ देगी।"

मामांचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला. मग त्यांनी विचारलं, "तू बोट में था?"

"हाँ साब। आगे का चप्पू।"

"आगे का चप्पू वासू का है।"

"वासू को बुखार है, साब। रात से दवाखाने में पड़ा है। मैं उसकी जगह गया।"

मामांनी मुरुगनच्या डोक्यावरून हात काढून घेतला. हळूहळू मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस रडेल. पोरगा पायांशी जिवंत बसला आहे, त्याला उचलून छातीशी धरील. काही नाही तरी बघेल त्याच्याकडे.

"तू माका खोटा सांगलंस," मामा म्हणाले.

"होय."

"वासू बोटीत नव्हतो."

"नव्हतो."

"माका खोटा सांगान माझी जन्माची नोकरी मातयेत घातलंस!" त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या भाच्याचा नाव घेवन! घरच्या माणसाक असो दगो कोण देता काय रे?"

"सहा नावां खरी सांगलंय आधी," मी म्हणालो. "तुमी हलूक नाय."

मुरुगनला मालवणी कळत नव्हतं. तो अजून खाली बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी त्याला दंडाला धरून उठवला आणि कोरडे कपडे घालायला पाठवला. खरं सांगतो, त्या घटकेला मला मामांना उचलून कठड्यावरून पलीकडे टाकावंसं वाटलं होतं.

बडा खाना झाला. झगमगीत देगांमधली बिर्याणी फार छान झाली होती म्हणतात. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समोर उभं करून भोंग्याला हात लावल्याबद्दल समज दिली आणि मग उठून माझा हात हातात घेतला. दोन्ही गोष्टी त्यांना कराव्या लागल्या. 'वाघोटण' त्यानंतर दोनेक वर्षं शाळा चालवून भंगारात गेली. मामांचा हुद्दा काढून घेतला, पेन्शन कापली आणि त्यांना गावी पाठवलं.

गावात ते पुढं बरीच वर्षं जगले. देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगायचे की भाचजावयानं खोटं बोलून माझी पेन्शन घालवली. लोक मान हलवायचे. सासुरवाडीत मला पाट मिळायचा, पण पाटाशी कुणी बसायचं नाही. सुमती मधल्यामधे रडायची. मी कुणाला काही सांगायला गेलो नाही, कारण मामा सांगत होते त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त त्यांच्या गोष्टीत बोट नव्हती.

मामा वारले तेव्हा मी निवृत्त होऊन गावीच होतो. दहाव्याला आम्ही सगळे खाडीच्या काठी जमलो. भटजींनी पिंड मांडले. कावळे माडांवर बसले होते, एक खाली यायला तयार नाही. मामांच्या मुलानं हात जोडून सांगितलं, आईला बघीन. नाही. मुलीच्या लग्नाचं सांगून झालं. नाही. ऊन डोक्यावर आलं. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

वासू माझ्याजवळ आला. त्याचे केस आता पांढरे झाले होते. "भावजींनू," तो म्हणाला, "तुमचो राग गेलो म्हणान एकदा सांगा. तेंचो जीव तुमच्यात अडाकलो आसा."

सुमती माझ्याकडे बघत होती. तिनं हात जोडले नाहीत एवढंच.

मी पिंडासमोर जाऊन उभा राहिलो. मला खोटं बोलता येत नाही असं नाही. एकदा बोललो होतो आणि सात माणसं आपापल्या घरी परत गेली होती. पण या वेळी पाण्यात कोणीच नव्हतं, आणि माझा राग गेलेला नव्हता. मी तोंड उघडलं नाही.

बराच वेळ वाट पाहून भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.